चाळीसच्या खाली

स्वप्नालीचा अंक तीन होता.

हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात नऊ वेळा ऐकलं. कारखान्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडून चार वेळा, चौकशी समितीकडून तीन वेळा, रुग्णालयाच्या यंत्राकडून एकदा आणि माझ्या सख्ख्या भावाकडून एकदा. प्रत्येकाने ते अशा सुरात म्हटलं, की पुढे बोलण्यासारखं काही उरतच नाही. चाळीसच्या वर अंक गेला तर माणूस आजारी. चाळीसच्या खाली सगळे मनाचे खेळ.

चाळीस हा आकडा ज्या समितीने ठरवला, त्या समितीत मी होते. म्हणून आधी माझ्याबद्दल सांगते.

आमचं गाव तुळसोंडे, चंदगड तालुक्यात. गावात काजूचा कारखाना आहे. काजूच्या टरफलात, दोन सालींच्या मध्ये, काळपट चिकट तेल असतं. कच्ची बी वाफवून, कटरवर फोडून, टोच्याने गर काढताना हे तेल बोटांवर येतं. ते कातडी जाळतं. माझी आई बावीस वर्षं तिथे बसली. तिच्या बोटांवरच्या रेषा इतक्या पुसल्या गेल्या होत्या, की रेशन दुकानातल्या यंत्रावर तिचा अंगठा उठत नसे. दुकानदार म्हणायचा, "मावशी, तुम्ही तुम्हीच हाय कशावरनं?" आई हसायची. मला तेव्हा हसू येत नसे, आताही येत नाही.

मी जीवरसायनशास्त्र शिकले आणि पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत दाहावर काम करू लागले.

तेल लागलं की कातडीतल्या पेशी रेणूंच्या रूपात निरोप सोडतात. तो निरोप दुसऱ्या पेशीच्या बाहेरच्या आवरणावर येऊन बसतो, आत शिरत नाही. आत तो पोचवतात कायनेज नावाची प्रथिनं. कायनेजचं काम एकच, समोरच्या प्रथिनावर फॉस्फेटचा ठिपका ठेवणं. ठिपका बसला की ते प्रथिन आकार बदलतं, जागं होतं आणि निरोप पुढे नेतं. स्लॅब टाकायच्या दिवशी माणसांची रांग लावून घमेली हातोहात वर चढवतात, तसा हा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो. तिथे जनुकं चालू होतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, पाणी झिरपतं, पांढऱ्या पेशी धावून येतात. जागा लाल होते, गरम होते, सुजते, दुखते. हाच दाह. अशीच रांग यकृतातही असते. तिथे निरोप पोचला की यकृत एक प्रथिन रक्तात सोडतं, ज्याला डॉक्टर सीआरपी म्हणतात. मेंदूपर्यंत निरोप पोचला की ताप येतो.

आम्ही जो रेणू बनवला, तो रांगेतल्या एका कायनेजच्या खाचेत जाऊन बसतो. फॉस्फेट घ्यायच्या जागेवर आधीच कुणीतरी बसलेलं, त्यामुळे घमेलं पुढे जात नाही. तेल असतंच. जखम असतेच. फक्त तक्रार थांबते.

ही शेवटची तीन वाक्यं मी माझ्या प्रबंधातही अशीच लिहायला हवी होती. तिथे मी लिहिलं, "दाहाचं प्रभावी नियंत्रण."

गोळीचं नाव शमिका. कारखान्यातल्या बाया तिला 'गार गोळी' म्हणतात. तिची चाचणी मी आमच्याच गावात घेतली, मोठ्या अभिमानाने. सूज मोजायला टेप काढली की बाया हात आखडून घ्यायच्या. म्हणून मी गावच्या कासारणीला बरोबर घेतलं. गोळीच्या आधी कुठल्या मापाची बांगडी चढते, महिन्यानंतर कुठल्या मापाची, अशी नोंद केली. अडीचची बांगडी न चढणाऱ्या हातात महिन्याने सव्वादोनची चढली. बाया हरखल्या. परिषदेत माझ्या या पद्धतीचं कौतुक झालं. मीही त्यांना सांगत असे, "बांगडी शिरली म्हणजे गोळी लागू पडली."

मी असं सांगितलं होतं. ते कुणी माझ्या तोंडी घातलेलं नाही.

दाहमापक पट्टी त्याआधीची. दंडावर चिकटवायची, कातडीखालच्या द्रवातून सीआरपी आणि आणखी दोन प्रथिनं मोजून शून्य ते शंभरमधला अंक देणारी. बाईला रजा हवी असेल तर मुकादमापुढे रडावं लागू नये, म्हणून आम्ही नियम केला. अंक चाळीसच्या वर गेला की पट्टी लाल होते, रजा थेट कामगार कार्यालयात नोंदली जाते, मालकाला ती अडवता येत नाही, पगार कापता येत नाही. तीन वर्षं हा नियम चांगला चालला. मग कारखान्याने गोळी आणली. दारातच पाण्याच्या पेल्याबरोबर रोज एक. कागदावर ऐच्छिक. पण जी घेणार नाही तिचा अंक चढणार, जिचा अंक चढणार तिच्या रजा होणार, आणि जिच्या रजा होणार तिचं नाव पुढच्या हंगामाच्या यादीत येणार नाही. दोनशे बारा बाया गोळी घेऊ लागल्या. वर्षभरात एकही पट्टी लाल झाली नाही. कारखान्याला आरोग्याचा पुरस्कार मिळाला.

नियमाच्या मसुद्यात मी एक वाक्य घातलं होतं: कायनेजरोधक औषध चालू असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हा अंक ग्राह्य धरू नये. अंतिम प्रतीत ते वाक्य परिशिष्टात गेलं. सुधारित प्रतीत परिशिष्टच नव्हतं. मी एक पत्र लिहिलं. "नोंद घेतली आहे" असं उत्तर आलं. दुसरं पत्र लिहिलं नाही. त्या आठवड्यात मला माझी स्वतंत्र प्रयोगशाळा मिळत होती.

*

एप्रिलमधल्या एका रविवारी मी गावी गेले. रणजित, माझा धाकटा भाऊ, कारखान्यात बॉयलरवर असतो. स्वप्नाली त्याची बायको. तिने चहा आणला तो डाव्या हातात. उजवा हात पदराखाली.

"हात दाखव बघू."

"काय न्हाई हो वन्सं. टोचा लागलाय जरा. आठवडा झाला."

"दाखव."

तळव्यावर शाईच्या ठिपक्याएवढं छिद्र होतं. लाली नाही, ऊब नाही. हात थोडासा जाड, इतकंच. पण मधलं बोट आकड्यासारखं वाकलेलं होतं. मी ते टोकाला धरून किंचित सरळ केलं आणि स्वप्नाली ओरडली. आतून गुरासारखा निघालेला तो आवाज ऐकून रणजित अंघोळीवरून तसाच बाहेर आला.

"किती दिवस असं आहे?"

"चार दिवस. बोट सरळ हुईना झालंय. मुकादम म्हनला पट्टी लाल झाल्याशिवाय रजा न्हाई. मग दवाखान्यात गेले. तिथल्या यंत्रात हात घातला, त्यानं हिरवं कार्ड दिलं."

कार्ड तिने जपून ठेवलं होतं. ताप नाही. अंक तीन. विश्रांतीची आवश्यकता नाही. डॉक्टरांची भेट आवश्यक नाही.

"डॉक्टरला भेटली नाहीस?"

"हिरव्या कार्डाला आत सोडत न्हाईत की."

रणजित टॉवेलने डोकं पुसत म्हणाला, "यंत्र काय खोटं सांगतंय व्हय ताई? अंक तीन हाय तिचा. झोपताना हात अंगाखाली आला असंल."

"गाडी काढ," मी म्हणाले.

"अगं पण सोमवारी..."

"रणजित, गाडी काढ. तळव्यात पू झालाय. तो स्नायूंच्या दोऱ्यांच्या नळीतून वर चाललाय. सूज नाही कारण तिला सुजायची परवानगी नाही. ताप नाही कारण मेंदूला कळवणारं कुणी जागं नाही. कळलं? गाडी काढ."

मी भावावर इतक्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते. तो ओल्या अंगावर शर्ट घालून निघाला.

कोल्हापूरला पोचेपर्यंत मनगटाच्या वरपर्यंत कातडी राखाडी झाली होती. तिथल्या शल्यविशारद बाई तरुण होत्या. त्यांनी हात पाहिला, अंक पाहिला, पुन्हा हात पाहिला आणि विचारलं, "शमिका चालू आहे का?" पुण्याबाहेरच्या कुणीतरी हा प्रश्न विचारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. तीन तासांनी त्या बाहेर आल्या. जंतू रक्तात गेले होते. जीव वाचवायचा तर हात ठेवता येणार नव्हता. कोपराखाली चार बोटं सोडून त्यांनी उजवा हात काढला.

"चार दिवस आधी आणलं असतं तर एक छोटा छेद आणि पाच दिवसांचं प्रतिजैविक," त्या म्हणाल्या. "एवढंच लागलं असतं."

एवढंच.

*

कारखान्याचं पत्र बाराव्या दिवशी आलं. मी ते स्वप्नालीच्या खाटेशेजारी बसून वाचलं. कामगाराने औषधाचा गैरवापर केल्याचं निदर्शनास आलं आहे, दोन आठवडे रोज दोन गोळ्या घेतल्याचं सहकाऱ्यांकडून समजतं, घटनेच्या दिवशी अंक तीन असल्याने कामाशी संबंध प्रस्थापित होत नाही, सबब उपचारांची जबाबदारी कारखान्यावर येत नाही. शेरा: गैरवापर. पुढील हंगामाच्या यादीतून नाव वगळण्यात येत आहे.

"दोन गोळ्या घेतल्यास?"

ती छताकडे बघत राहिली. "सोनालीचं लगीन होतं. माझ्या बहिणीचं. चुडा भरायला कासारीण येनार. सगळ्याच जनी लग्नाआधी दोन-दोन घेत्यात वन्सं, हात बारीक हुतोय. ज्या सुट्टीला जात्यात त्यांना गोळ्या घरी देत्यात, त्यांच्याकडनं उरलेल्या मागून घ्यायच्या. तुमीच म्हनला हुता न्हवं? बांगडी शिरली म्हंजे गोळी लागू पडली. मला सव्वादोनची शिरली. सगळ्या म्हनल्या, नवरीचा हात कुनाचा आनि करवलीचा कुनाचा, वळखू येईना."

दोन गोळ्यांनी धोका वाढला होता, हे खरं. एका गोळीनेही तो होताच, हेही खरं. पहिलं खरं त्यांच्या पत्रात होतं. दुसरं कुठेच नव्हतं.

"हात गेला तो गेला," स्वप्नाली म्हणाली. "पन माझ्या चोरटेपनानं गेला असं कागदावर ऱ्हायला नको. पोरगी उद्या मोठी हुईल, वाचंल ते. आनि यादीतनं नाव का काढलं? डाव्या हातानं सोलीन की. सा म्हैन्यात शिकंन. मला माझी जागा पायजे."

बाहेर व्हरांड्यात रणजित उभा होता. तो माझ्याकडे न बघता बोलला.

"गोळी कुनी आनली गावात?"

"मी."

"पट्टी कुनी आनली?"

"मी."

"मग आता माझ्या म्होरं रडू नगंस. बॉयलरची नोकरी हाय माझी. तीबी घालवू नगंस." मग म्हणाला, "तुला पुण्याला जाऊन बसता येतंय, ताई. आमाला न्हाई."

*

त्या शेऱ्याविरुद्ध मी अर्ज केला. त्याची चौकशी कारखान्याच्या उपाहारगृहात झाली. समितीवर दोघे जण, आणि कारखान्याच्या बाजूने आरोग्य अधिकारी शिरगावे. चाळिशीचे, नम्र, इस्त्रीच्या शर्टाचे. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

मी चाळीस मिनिटं बोलले. कायनेज, यकृत, सीआरपी. गोळी घेतलेल्या माणसाचा अंक मोजणं म्हणजे ज्याचं तोंड बांधलंय त्याला तुझी काही तक्रार आहे का विचारणं, असंही म्हणाले. समितीतले एक जण माझं बोलणं लिहून घेत होते. वाकून पाहिलं तर त्यांनी तीन ओळी लिहिल्या होत्या.

"मॅडम, तुमच्या शास्त्राचा आदर आहे," शिरगावे म्हणाले. "पण शास्त्र वेगळं, नियम वेगळा. नियम म्हणतो, अंक हाच अंतिम पुरावा. त्या मुलीचा अंक तीन होता."

"गोळीमुळे होता."

"असेल. नियमात गोळीचा उल्लेख नाही." त्यांनी नियमावलीची प्रत माझ्यापुढे सरकवली, शेवटचं पान उघडून. "आणि खाली सही तुमचीच आहे ना? आम्ही तर तुमच्याच शब्दाने चालतो."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. समितीने अर्ज निकाली काढला. निर्णयाला लागलेला वेळ अकरा मिनिटं.

बाहेर जेवणाची सुट्टी झाली होती. आक्काताई, माझ्या आईच्या शेजारच्या कटरवर बसणारी, आता साठीला टेकलेली, भिंतीला टेकून भाकरी खात होती.

"काय झालं गं?"

"निकाली काढलं."

"आनि तू काय केलंस?"

"सांगितलं सगळं."

"सांगितलंस." तिने घास गिळला. "तुझ्या आईनं कातडी सोलून तुला शिकिवलं, आनि तू त्येंच्याम्होरं मांजरागत बसून आलीस. शिकल्याली मानसं लई गोड भांडत्यात बाई."

ते शब्द मला लागले. लागायलाच हवे होते. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि शिरगावेंनी दिलेली नियमावली पहिल्या पानापासून वाचायला घेतली. स्वतः लिहिलेलं आपण कधी नीट वाचत नाही. सातव्या कलमाशी थांबले. ते आम्ही वायुगळती आणि साथीच्या भीतीने घातलं होतं. एकाच शेडमधल्या पाव भाग किंवा अधिक पट्ट्या एका वेळी लाल झाल्या, तर वाफ बंद करावी, शेड बंद करावी, आणि कारखाना निरीक्षकाने प्रत्येक कामगाराचं रक्त तपासून तिला काय काय दिलं जातं त्याची नोंद करावी. तोवर काम सुरू करता येणार नाही. मागच्या एका वर्षातल्या सर्व आजारांची प्रकरणं पुन्हा उघडावीत.

मागच्या एका वर्षातली सर्व प्रकरणं.

"आक्काताई," मी विचारलं, "एकटीने गोळी नाही घेतली तर?"

"नाव जातंय यादीतनं. म्हायती हाय की तुला."

"आणि सगळ्यांनी नाही घेतली तर?"

ती चावायची थांबली.

*

रविवारी दुपारी आक्काताईच्या परसात बाया जमल्या. मी त्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं, चाचणीच्या वेळी सांगायला हवं होतं तसं. घमेल्यांची रांग, भरलेली खाच, मुका झालेला हात. आणि हेही सांगितलं, की गोळी एकदम थांबवली तर अडवून धरलेले निरोप एकदम सुटतात. दाह आधीपेक्षा जास्त उसळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यात वाईट.

"म्हंजे किती वाईट?" एकीने विचारलं.

"हात पेटल्यासारखे होतील. ताप येईल. सांधे धरतील."

"बाळंतपनापरीस?"

"ते मला माहीत नाही."

"घ्या, पुन्याच्या डॉक्टरीनबाईला म्हायती नसल्यालं येक तरी निघालं," आक्काताई म्हणाली आणि परसात हशा पिकला. मीही हसले. त्या सगळ्या प्रकरणात तेवढंच.

मग एक बाई उठली. "माझ्या पट्टीचा अंक चार असतोय रोज. आनि रोज राती हात उशाला घिऊन रडायला येतंय, पन रडायचं कारन सापडत न्हाई. हे काय हाय?"

"ते तेल आहे," मी म्हणाले. "ते कधी थांबलंच नव्हतं."

ती खाली बसली. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळले.

मी प्रत्येकीशी वेगळं बोलले. मधुमेह, छातीची जुनी दुखणी, पोटुश्या, अशा अठरा जणींना एकदम थांबवू नका म्हणून बजावलं. ताप चढला, पू दिसला, तर त्याच क्षणी मला फोन. कोल्हापूरच्या त्या शल्यविशारद बाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी चार खाटा रिकाम्या ठेवल्या. उरलेल्या एकशे त्र्याण्णव जणी सोमवारपासून दारात पेला तोंडाला लावणार होत्या, गोळी जिभेखाली ठेवणार होत्या आणि वळणावरच्या गटारात थुंकणार होत्या.

मी आयुष्यभर दाह शमवायला शिकले. आता एकशे त्र्याण्णव बायकांचा दाह मी जाणूनबुजून पेटवत होते. पुण्याला एक ओळीचा राजीनामा पाठवला. मला कुणाची परवानगी मागायची नव्हती, आणि कुणी ती नाकारलेलंही ऐकायचं नव्हतं.

रणजितला कुणी काही सांगितलं नाही. कलमाप्रमाणे वाफ बंद करायची ती बॉयलरवाल्याने. आपला माणूस ऐन वेळी काय करेल, हे मला माहीत नव्हतं.

*

गुरुवारी सकाळी मी शमिकाच्या वार्षिक पाहणीचं कारण सांगून शेडमध्ये गेले. माझं ओळखपत्र महिनाअखेरपर्यंत चालणार होतं.

शेडमध्ये कुणी बोलत नव्हतं. कटरचा खटखट आवाज होता, पण रोजच्या लयीत नव्हता. बायांचे चेहरे तापाने चकाकत होते. हात बघवत नव्हते. बोटं फुगून लाल, कडांना फोड, काही तडकलेले. वर्षभर अंगात साचलेलं सगळं वर आलं होतं. आक्काताई खाली मान घालून एकेक बी फोडत होती आणि प्रत्येक बीला एक शिवी देत होती, हळू आवाजात, जप केल्यासारखी.

दारावरच्या फलकावर लाल पट्ट्यांचा आकडा होता. शून्य.

दहा वाजून चौदा मिनिटांनी पहिली पट्टी लाल झाली. फलक म्हणाला, एक. मुकादमाने वर पाहिलं. मग चार. मग नऊ. कुणी उठली नाही, कुणी ओरडली नाही. साडेदहाला एकतीस. मुकादम धावत गेला आणि शिरगावेंना घेऊन आला.

"गोळ्या दिल्या होत्या का?" ते ओरडले.

"दिल्या सायेब. माझ्यासमोर घेतल्या सगळ्यांनी."

शिरगावेंनी मला पाहिलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. ते सरळ बॉयलरच्या खोलीकडे गेले. मी मागे गेले.

रणजित व्हॉल्व्हपाशी उभा होता. त्याच्या खोलीतही तोच फलक होता.

"रणजित, वाफ बंद करायची नाही," शिरगावे म्हणाले. "यंत्रात बिघाड आहे. मी लेखी देतो."

फलकावर शेहेचाळीस. रणजित शेडच्या उघड्या दारातून बायांच्या हातांकडे बघत होता. एवढी वर्षं त्याने ते हात रोज पाहिले होते आणि एकदाही पाहिले नव्हते.

"पाव भाग म्हंजे किती?" त्याने मला विचारलं.

"दोनशे अकरातले त्रेपन्न."

"विचार कर," शिरगावे त्याला म्हणाले. "घरात एक जण आधीच बसून आहे."

हे त्यांनी बोलायला नको होतं. पण रणजितने चाकाला हात लावला नाही. तो फलकाकडे बघत थांबला. पन्नास. एक्कावन्न. त्याला नियम मोडायचा नव्हता. एका आकड्यानेही नाही. त्या क्षणी तो मला माझ्यासारखा वाटला, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ बरा.

फलक म्हणाला, त्रेपन्न.

"आता नियम हाय सायेब," रणजित म्हणाला. "तुमचा अंक काय म्हनतोय बघा." आणि त्याने चाक फिरवलं. वाफेचा आवाज बारीक होत गेला. शेडमधले कटर एकेक करून थांबले. आकडा मात्र चढतच राहिला. सत्तर, एकशे चार, एकशे साठ. कामगार कार्यालयात एकशे साठ भरपगारी रजा आपोआप नोंदल्या गेल्या होत्या आणि निरीक्षकाच्या फोनवर सातवं कलम वाजत होतं. स्वप्नालीचं प्रकरणही त्याच क्षणी पुन्हा उघडलं. तो कागद कुणाला अडवता येणार नव्हता. ती सोय मी केली होती, कधीकाळी, चांगल्या हेतूने.

शिरगावे भिंतीला टेकले. त्यांचा नम्रपणा परत आला, तो त्यांना जास्त शोभत होता.

"मॅडम, ऑर्डरी आहेत. आठ दिवसांत माल जायचाय. यावर काही तरी उपाय असेल ना? दुसरी गोळी? तुम्ही शास्त्रज्ञ आहात. सांगा, काय आणू?"

"हातमोजे," मी म्हणाले. "जाड रबरी. दोनशे अकरा जोड."

ते खिशातून पेन काढून खरंच लिहायला लागले.

"आणि एक सुटा," मी म्हणाले. "डाव्या हाताचा."